सबमीटर

एकतीस वर्षं मी लोकांच्या दाराआडचे आकडे टिपले.
कुत्र्यांना माझा वास पाठ. बायका आत ओरडायच्या,
'मीटरवाला आलाय, इस्त्री काढ गं!'
जणू ती चकती मला बघून फिरत होती.

आता माझ्याच जिन्यात एक मीटर आहे.
वरच्या खोलीचा. प्रमिला ऐवळे, मूळची जतकडची,
मिरजेत नर्स, बहुतेक रात्रपाळी.
युनिटला बारा रुपये घेतो.
बोर्ड मला लावतं त्याहून चार जास्त.
ते चार कशाचे, तिनं विचारलं नाही,
मीही विषय काढला नाही.

पुराच्या वर्षी खाली छातीएवढं पाणी होतं.
तेव्हापासून गावभागात वरच्या खोलीला भाव.
वर नुसता स्लॅब आहे आणि स्लॅबवर ऊन आहे,
हे कोण सांगत बसतं?

करार अकरा महिन्यांचा.
भिंतीला खिळा नाही. मटण-मासे नाही.
पाहुणा दोन रात्रींच्या वर नाही.
कूलर लावायचा तर आधी विचारायचं.
घर घेतलं तसं परत द्यायचं.
घरानं काय द्यायचं, ते कुठल्याच कलमात नाही.
टायपिस्टकडे तसा मसुदाच नव्हता.

मार्चमध्ये ती म्हणाली, 'काका, गच्चीवर चुना मारून घ्या ना,
त्यात थोडा फेविकॉल. आमच्या सिस्टरांनी केलंय, फरक पडतो.'
मी म्हटलं, 'बघू.'
मराठीत नाही म्हणायच्या शंभर तऱ्हा आहेत,
घरमालकाला एक पुरते.

एप्रिलचं रीडिंग: एकशे एकतीस.
जुनी खोड, मी फोड करून पाहिली.
पंखा ऐंशी वॅटचा, माझ्या लग्नात आलेला,
रात्रंदिवस फिरला तर सत्तावन्न.
ट्यूब बारा.
उरलेले बासष्ट त्या चिमुकल्या कूलरचे,
ज्याला परवानगी मी दिली होती, मोठ्या मनानं.
पेन थांबलं.
पंखा माझा, छत माझं, बिल तिचं.

दुपारी दोनला वर गेलो, आकडा परत तपासायला.
कडी हाताला चटका देत होती.
दार अर्धं उघडं. ती उंबऱ्यापाशी झोपलेली,
डोकं जिन्यात, पाय खोलीत,
अंगावर ओली ओढणी, कडा वाळून ताठ झालेल्या.
तिच्या डोक्यावर माझा मीटर लुकलुकत होता.
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
मी मोजायला लागलो, चाळीसपर्यंत मोजले,
मग चपला हातात घेऊन खाली आलो.

हरिपूरला लहानपणी पेवं पाहिली होती मी,
जमिनीच्या पोटात हळद, तीन-तीन वर्षं तशीच.
तासगावकडे बेदाणासुद्धा जाळीखाली वाळवतात,
ऊन लागलं तर रंग जातो, भाव पडतो.
भाडेकरूचा भाव कुठं पडतो?
एक गेला की दुसरा येतो, थोडं जास्तच देतो.

रविवारी चुन्याची पोती वर चढवली.
गुडघे कुरकुरले, बायको खालून म्हणाली, 'गडी लावा की!'
मीच मारला, केरसुणीनं, दोन हात.
शेजारचा गणपुले गच्चीवरून बघत होता,
'मगदूम, घर विकताय का?'
नवा पंखाही आणला, अठ्ठावीस वॅटचा.
दुकानदाराला पावती मागितली,
कुणाला दाखवायची ते माहीत नव्हतं.

मेचं रीडिंग: त्र्याऐंशी.
अठ्ठेचाळीस युनिट कमी, म्हणजे
माझे एकशे ब्याण्णव रुपये बुडाले.
हा हिशोब मी केला, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये करार संपतो.
नवं कलम जुळवत बसलोय:
'घरमालकाने छत...'
पुढचा शब्द सापडत नाही.
परवा ती जिन्यात भेटली, डोळे झोपेनं भरलेले,
म्हणाली, 'काका, काल पाच तास सलग झोपले.'
मी मान हलवली.

आणि ते चार रुपये?
बघू.