फुटतूट

स्मिल्तेनेत आमचा खिडक्यांचा कारखाना.
माणसं एकशे साठ, मजले दोन,
मधला जिना जरा जास्तच लांब.

वर विक्री. आउस्मा लिहायची आधी रुंदी, मग उंची.
खाली चौकटकाम. झिग्मार्स वाचायचा आधी उंची, मग रुंदी.
त्याला तसं उस्तादानं शिकवलेलं,
तिला कॉलेजनं.
अकरा वर्षं छत्तीसचा आकडा,
आणि चिठ्ठी बिचारी दोन्हीकडून खरी.

मी हिशेबात.
दर महिन्याला 'फुटतूट' खात्यात लिहायचे
जे फुटलंच नव्हतं.
आवारात भिंतीला टेकून धडधाकट खिडक्या.
फिरवून बसवा ना, साहेब एकदा म्हणाले.
फिरवली तर बिजागरी डोक्यावर,
पाणी जायची भोकं कुशीला.

मग त्या हळूहळू घरोघर गेल्या.
कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.
गावात परसापरसात काचघरं उभी राहिली,
बाहेर बर्फ वितळायच्या आत
आमच्या गैरसमजाखाली
टोमॅटोची रोपं गुडघाभर.

रीगाहून राइविस आला, पाठीवर पिशवी,
पिशवीत टॅब्लेट.
खात्याखात्यात भिंतीवर एकेक पडदा लावला.
त्याआधी दोघांना एका टेबलाशी बसवून
एवढंच विचारलं : रुंदी म्हणजे कुठून कुठे?
दोघं एकदम बोलली,
मग एकदम गप्प.
आउस्मा तो जिना पहिल्यांदाच उतरली होती.

आता पडद्यावर खिडकीचं चित्र येतं,
दोन बाण, बिजागरीची बाजू लाल.
चुकायला जागाच ठेवली नाही पोरानं.
फुटतूट : शून्य.
ते शून्य काढताना पेन जरा अडखळलं माझं,
का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

जूनमध्ये गारा पडल्या.
झिग्मार्स जेवणाच्या सुट्टीत आवारात फिरत होता,
भिंतीकडेनं, वाकून.
भिंतीला फक्त गवत टेकलेलं.
वरच्या खिडकीत कुणीतरी चहा ढवळत उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर एक ऑर्डर.
नग एक. ग्राहकाची जागा कोरी.
बिजागरी : वर.
यंत्रानं दोनदा विचारलं, खात्री आहे का?
दोनदा कुणीतरी 'हो' दाबलं.
शेऱ्यात एकच शब्द, टोमॅटो.

खिडकी बनली, गेली.
पैसे कुठे दाखवायचे, मला कुणी कळवलं नाही.
मी जुनं खातं उघडलं.