पहिली खेप
(पुन्ता अरेनास, चिली)

जिना अरुंद आहे, एलेउतेरियो. खाली बुटांचं दुकान,
वर दारावर नुसतं नाव: हिमेना बार्रिया.
घंटी बिघडलीय. ठोठाव.
वारा सुटला असेल तर कोपऱ्यावरचा दोर धरून ये,
सगळेच धरतात, त्याची कुणी लाज बाळगत नाही.

आधी कागद देईल. नाव, वय, झोप किती तास.
झोपेच्या रकान्यात मी लिहिलं, "बोटीवर."
तिनं पेन्सिलीनं शेजारी काहीतरी टिपलं,
म्हटलं, झालं, वेडा ठरलो.
विचारलं तर तिनं कागद फिरवून दाखवला:
"कुठली बोट?"
एवढंच.

सिनेमातला तो झोपायचा कोच वगैरे नाहीये.
दोन खुर्च्या, स्टोव्ह,
सामुद्रधुनीकडची खिडकी, रंगानं चिकटलेली.
कागदी रुमालांचा डबा तुझ्या बाजूला.
त्याच्याकडे बघायचं नाही, असं बजावलं स्वतःला
आणि पाऊण तास त्याच्याकडेच बघत बसलो.

ती सांगेल, इथलं इथंच राहतं,
पण जिवावरचं असेल, तुझ्या किंवा दुसऱ्याच्या,
तर तिला कुणालातरी कळवावं लागेल.
उगाच मान डोलवू नकोस तेव्हा. नीट ऐक.

मग ती गप्प बसेल.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
आपल्याला इंजिनाची सवय; आवाज थांबला
की खाली धावायचं, काय बिघडलं बघायला.
तसाच धावलो. डिझेलचा भाव बोललो,
धक्क्यावर मेंढ्यांचा ट्रक कलंडला तो किस्सा,
आणि त्या मेंढ्यांच्या मधोमध
ओस्वाल्दोचं नाव तोंडातून निघून गेलं.
सहा वर्षांनी.

तुझ्या तोंडून काय निघेल, देव जाणे.
कदाचित काहीच नाही. तेही चालतं.

उपाय मागशील. मीही मागितला, चिडलोही,
पैसे मोजायचे मी आणि बोलायचंही मीच?
ती म्हणाली, दहा मिनिटं उरलीत,
कप्तान सांगतो ना, धक्का दिसायला लागला, तशी.
पुढच्या गुरुवारी यायचं की नाही, ते मात्र माझ्यावर सोडलं.

उतरल्यावर भूक लागेल. खरंच.
मी उभ्याउभ्या दोन सॉसेज-पाव खाल्ले,
वर केळ्याचं दूध.

मेलानियाला सांगायचं नसेल तर सांग, निबाल्दोबरोबर होतो.
खोटं नाही ते. चार वाजता मी खाली टपरीवर असेन.
वर येणार नाही, खुर्च्या दोनच आहेत.
वाऱ्यानं बंदर बंद असलं तर बरंच,
तुला कामाचं निमित्त उरणार नाही.