पाचशे बारा ग्रॅम

मंगळवारच्या बाजारात, पारोळ्याला,
सुपडू महाजनच्या तागडीत मला दगड सापडला.
काळा, बसका,
हात लागून लागून तुळतुळीत झालेला.
वजन कुठाय, मी विचारलं.
हाऊच शे ना साहेब, अर्धा किलो. मना बापना शे.
शिक्का?
दगडवर काय शिक्का मारशात?
आणि लसणाच्या ढिगामागे तो खरोखरच हसला,
जसं मीच काही गंमत केली.

मी सरकारी काटा पेटीतून काढला,
पाटावर सपाट ठेवला, वारा होता म्हणून आडोसा धरला.
पाचशे बारा.
दोनदा मोजलं. पाचशे बारा.
म्हणजे बापाच्या काळापासून
प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत बारा ग्रॅम लसूण
फुकट जात होता
आणि हे ना गिऱ्हाइकाला ठाऊक, ना सुपडूला.

पण जास्त भरलं म्हणून दगडाचं वजन होत नाही.
पंचनामा केला. पंच दोन:
एक जिलेबीवाला, एक न्हावी, अर्धी दाढी सोडून आलेला.
दगड पोत्यात, पोत्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी सही.
लिखी घ्या साहेब, तुमनं काम शे, सुपडू म्हणाला.
मी चुकलो नाही. आजही म्हणतो.
आज याचा पाचशे बाराचा दगड सोडला
तर उद्या शेजारच्याचा साडेचारशेचा सोडावा लागेल.

संध्याकाळी घरी निघालो.
पंपाच्या कोपऱ्यावर गावातला रस्ता हायवेला मिळतो.
तिथून माझं घर उजवीकडे, दोनशे पावलं,
पण उलटी.
सरळ जायचं तर डावीकडे, पुढच्या पुलाखालून पलीकडे,
पलीकडून मागे,
मागच्या पुलाखालून परत अलीकडे:
अडीच किलोमीटर.
कोण जातं?
हेडमास्तर उलटे जातात, दातांचे डॉक्टर उलटे जातात,
शाळेची रिक्षा बारा पोरांसकट उलटी जाते,
केळीचे ट्रक लांबूनच दिवा मारतात, त्यांनाही सवय झालीय.
मी नऊ वर्षं गेलो.
रस्ता मी कधी मोजायला घेतला नव्हता, इतकंच.

चैत्र होता, डांबर अजून चटके देत होतं.
समोरून एक सायकल आली, तिच्या बाजूने, तिच्या कडेने.
त्याच कडेने मी.
सायकलवाला उतरला.
सायकल डांबराखाली मुरमात घेतली,
मागचं पोतं कललं, दोन-चार गड्डे लसूण घरंगळले.
या साहेब, या,
सुपडू म्हणाला, एक हात कपाळाला लावून,
जसं दारात आलेल्याला म्हणावं.
त्या आवाजात टोमणा असेल म्हणून
मी रात्रभर शोधला.
नव्हता.

आमच्या खात्यात प्रत्येक वजनाला थोडी सूट असते,
झिजलं, गंजलं, तर इतके मिलिग्रॅम चालतात,
कोष्टक मला पाठ आहे.
दोनशे पावलांना किती सूट,
ते कोष्टकात नाही.

बुधवारी वळशाने गेलो.
पुलाखाली पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांनी स्टंप बाजूला केले.
कोणी पाहिलं नाही.
कोणी पाहतंय का, हे मी आरशात दोनदा पाहिलं,
हेही लिहून ठेवतो.
गुरुवारी पण गेलो.
बायको म्हणाली, हल्ली उशीर होतो.

आज शुक्रवार.
घरी पाहुणे येऊन बसलेत,
हँडलला शेवभाजीचा डबा, रस्सा झाकणातून ठिबकतोय,
आणि मी पंपाच्या कोपऱ्यावर
एक पाय जमिनीला टेकून उभा आहे.
मागे हॉर्न.
चला ना साहेब,
इतला काय इचार करी ऱ्हायनात!