पत्र्याची जाडी

दुकान नऊला बंद होतं.
मग मी भावाचं पिस्तूल घेऊन बसते
तिसऱ्या ओळीत, पालथ्या क्रेटवर,
आणि डब्यांच्या टाळूवर चिठ्ठ्या ठोकत जाते.
टक्. एक एकोणपन्नास.
टक्. एक एकोणपन्नास.
गेल्या महिन्यात एक एकोणतीसला होते हेच वाटाणे,
त्याच शेतातले, त्याच मिठाच्या पाण्यात.

वाटाण्यांवर कुणी जकात लावलेली नाही.
लावली ती डब्यावर,
म्हणजे डब्याच्या पत्र्यावर,
पोलादाला कथलाची कल्हई केलेल्या त्या पानावर
जे कुठल्याशा बंदरातून गुंडाळी होऊन
आमच्या ओहायो नदीपर्यंत येतं.

"डबा तर मी फेकूनच देते," मिसेस प्रॅथर म्हणाल्या,
"फेकायच्या गोष्टीचे वीस सेंट?"
फेकायच्या गोष्टीचेच तर सगळे पैसे असतात, बाई,
असं मी मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, पिशवी हवी का?

मागच्या खोलीतले जुने डबे,
जकातीच्या कितीतरी आधी आलेले, धूळ बसलेले,
त्यांनाही नवीन चिठ्ठी लाव, म्हणाला लेस्टर.
मी हातातलं पिस्तूल खाली ठेवलं.
"पुढची गाडी याच पैशांतून भरायचीय, व्हर्ना."
खोटं बोलत नव्हता.
पण बोलताना बघत होता मॉपच्या बादलीकडे.
(बादलीही आता चौदा डॉलरची झालीय.
तिची कडी निघालीय, पण घेत नाही तो नवी.)

वळणावरचा पत्र्याचा कारखाना
रात्री नदीपेक्षा काळा दिसतो.
एमिल सालाय एकतीस वर्षं तिथे
कल्हईच्या लाइनवर उभा होता.
जकातीची बातमी आली त्या सकाळी
त्याने स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना कॉफी पाजली, मलासुद्धा.
"आता पेटेल बघ," म्हणाला.
पेटेलही. मला त्यातलं काय कळतं.
अजून तरी पाण्यावर दिसतं ते धुकंच.

गुरुवारी तो पीचचे डबे न्यायला येतो.
झटका आल्यापासून इर्मा दुसरं काही गिळत नाही.
सहा डबे काउंटरवर मांडतो,
प्रत्येकावर नखाने टिचकी मारतो, कान लावतो,
कलिंगड घ्यावं तसा.
"आमचा नाही हा," म्हणतो दर वेळी.
"हाही नाही."

या गुरुवारी त्याने टिचक्या मारल्या,
मग ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणलं
आणि दोन डबे उचलून परत ठेवून आला,
नीट, चित्राची बाजू पुढे करून.
मी गल्ल्याचा कागद बदलत राहिले.
कागद संपलेला नव्हता.

मग चष्मा वर करून त्याने
माझ्या चिठ्ठ्या न्याहाळल्या.
जानेवारीची, तिच्यावर मेची, तिच्यावर परवाची.
अंगठ्याच्या नखाने तिन्ही एकदमच सोलल्या
आणि कोटाच्या खिशातून काढलं मायक्रोमीटर,
निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात परत द्यायचं राहून गेलेलं.
लोखंडी चिमटीत चिठ्ठ्या धरून
खटका बोलेपर्यंत फिरवलं.

"नऊ हजारांश," म्हणाला.

आणि डबा?

"डबा सात असतो आताशा."
थोडं थांबून, "आम्ही आठचा काढायचो."

मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
एमिलने चिठ्ठ्यांचा तो तुकडा
परत डब्यावर दाबला, होता तिथेच, जरा तिरका,
वरून दोनदा अंगठा फिरवला
नीट बसावा म्हणून,
आणि पाकीट काढलं.