उष्टं

सोळा एप्रिलला रेवतला सहा महिने झाले
आणि नागपूरला त्रेचाळीस.
कूलरच्या टाकीत बादली ओतता ओतता
प्रज्वला म्हणाली, सुट्टी संपली माझी,
उद्यापासून दिवसा तू. पेज करता येते ना?

पेज.
एक मूठ तांदूळ, अर्धी मूठ मुगाची डाळ,
धुऊन, वाळवून, कढईत भाजून,
मिक्सरमध्ये इतकी बारीक
की फुंकलं तर उडून जावी.
मी आयटीआय झालेला माणूस,
रात्रभर कोराडीत बॉयलरचं प्रेशर वाचतो.
त्याच डोळ्यांनी पातेल्यातला पहिला बुडबुडा पाहत उभा होतो
आणि तो फुटला तेव्हा दचकलो.

उष्टावणाला मामा आला होता पवनीहून,
चांदीची वाटी, चांदीचा चमचा.
फोटोत सगळे हसताहेत
रेवत सोडून.
त्याचं शटर खाली.

मग आम्ही दोघंच.
पहिला चमचा बाहेर.
दुसरा हनुवटीवर.
तिसरा माझ्या चष्म्यावर.
जीभच ढकलते सगळं.
डॉक्टर म्हणाले, तिला अजून माहीत नाही
दुधापलीकडे काही असतं ते.

अंगणवाडीच्या छबीताईंनी
झोळीच्या काट्याला टांगलं त्याला,
तक्त्यावर टिंब दिलं,
हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठावर.
मी त्या टिंबाकडे बघत राहिलो.
"कायले घाबरता भाऊ,
पोट्टं शिकून राहिलं न.
तुम्ही का एका दिवसात शिकले?"
नव्हतो शिकलो.
तीनदा बुडाला लागली होती पेज.

गाजर. थू.
भोपळा. थू, आणि वर अशी नजर
जशी आमचा शिफ्ट इन्चार्ज टाकतो.
टेका नाक्यावरून आणलेलं केळं चालतं,
पण सालासकट, नुसतं हातात धरायला.
नाचणीचं सत्त्व, पंख्याकडे बघत बघत, तीन चमचे.
मोजले मी.
वॉर्डात मेसेज केला: तीन.
चार तासांनी प्रज्वलाचं उत्तर: कुठले तीन?

मे गेला, जून गेला.
कूलरची खस काळी पडली,
कपाटात मामाची वाटीही.
त्याला आवडते ती कॅन्टीनची स्टीलची,
जी मी कधीतरी डब्यासोबत चुकून आणली होती.
चांगली वाजते.
खायला दात नसले तरी
वाजवायला हात आहेत.

जुलैतल्या एका मंगळवारी
तो झोपलाय असं समजून मी जेवायला बसलो,
फरशीवर, दुपारी तीनला,
सकाळची ज्वारीची भाकर, गार वरण.
डोळे मिटत होते.
उघडले तेव्हा ताटात एक हात होता
माझा नसलेला.

मी हललो नाही.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो,
गॅस सिलिंडरची तारीख, दूधवाल्याच्या खुणा.
कानाला ऐकू येत होतं
दोन नव्या दातांचं काम.
भाकरीचा ओला तुकडा, मग दुसरा.
डॉक्टरांनी वर्षभर मीठ नको म्हटलं होतं,
वरणात होतं.
आता काय.

मग तिसरा तुकडा त्यानं तोंडातून काढला,
नीट पाहिला,
माझ्या गुडघ्याला धरून वर आला
आणि माझ्या तोंडाशी धरला.
मी बघतोय म्हटल्यावर
स्वतःचाच आ वासला, मोठा,
अगदी जसा मी वासतो
रोज, तीन महिने, प्रत्येक चमच्याला.

कोमट. लाळेनं मऊ. किंचित आंबूस.
खाल्ला मी.
तो समाधानानं गिळल्यासारखा गिळला,
त्याच्या तोंडात काहीच नव्हतं.

मेसेज केला: उष्टावण झालं.
या वेळी लगेच उत्तर आलं: कोणाचं?

लिहायला बसलो, सुचलं नाही.
ताट उचललं. मुंग्या आल्या होत्या.
त्याचे हात धुवायला नळाशी नेलं
तर एक मूठ गच्च मिटलेली,
आत काहीतरी होतं,
उघडेना.