प्रवासखर्च

अर्जात विचारलंय : जवळचं आंतरराष्ट्रीय विमानतळ.
मी लिहिलं, मुंबई.
बदनापूर ते मुंबई ही अख्खी रात्र
कुठल्या रकान्यात भरायची, कळेना.

निवडीचा मेल आला तेव्हा तुरीच्या प्लॉटात होते,
मर रोगानं वाळलेली झाडं मोजत.
एकशे बारावर चुकले.
पुन्हा एकपासून.

लेखा विभागातले शेषेराव म्हणाले,
आधी खर्च करा, मग बिलं जोडा.
बोर्डिंग पास जपा,
त्याच्याशिवाय तुम्ही गेलाच नाहीत.

भिशीतला आपला नंबर गयाबाईंनी मला दिला.
झाडांना चिठ्ठ्या बांधता बांधता एवढंच विचारलं,
तिकडच्या तुरीबी अशाच उभ्या वाळतेत का?

पोस्टरला नळी हवी होती.
जुन्या पाइपलाइनीचा तुकडा कापला,
दोन्ही तोंडांना बुचं.
कंडक्टर म्हणाला, बोअर घ्यायला चाललाव का ताई?
हो म्हणाले.
कुठं?
लांब आहे.

बी न्यायची परवानगी नाही.
विमानतळावर स्वेटरच्या खिशात
एक दाणा लागला बोटाला,
कुठल्या ओळीतला, कुणास ठाऊक.
रांगेत माझ्या पुढं दोघंच.
टाकवेना.
दाढेखाली धरला,
कडक, तुरट,
आणि बूट काढायला वाकले.