सहा अंश

फेब्रुवारीत डुलुथचे चढ गोठले तेव्हा
शाळेच्या बसच्या चाकांना साखळ्या बांधून
मी जास्तीच्या फेऱ्या मारल्या,
आणि कॉफीच्या डब्यात चारशे दहा डॉलर साठले.

तळघरात उभी राहून हिशेब मांडला.
तोटीचं स्टीलचं पातेलं? त्यातच सगळे संपतील.
तांब्याची कॉइल? इथे सरोवराचं पाणी
नळातून असं येतं की बोटं बधिर होतात,
उकळता काढा टबात ठेवला की तासाभरात निवतो.
फ्रिज तर ऑर्विल हाकाला फुकट देतोय,
पण जिन्यावरून खाली आणणार कोण?
त्याचे गुडघे, माझी पाठ.
बाटल्या धुण्याचा मात्र जीवघेणा कंटाळा.
केग घेणार होते. खरंच घेणारच होते.

दुकानातली इंगा म्हणाली,
आधी सांग, थर्मामीटर कधी तपासलास?

घरी येऊन बर्फाच्या पाण्यात दांडी बुडवली.
काट्याने बत्तीसवर थांबायला हवं.
सव्वीस.
आणखी बर्फ कुटला. सव्वीस.

म्हणजे अकरा वर्षं
माल्ट भिजवताना मी ज्याला एकशे बावन्न म्हणत होते
ते एकशे अठ्ठावन्न होतं.
नाचता येईना त्याचं अंगण वाकडं, म्हणतात;
माझं खरोखरच वाकडं निघालं,
आणि मी तर नाचत होते!

नवा थर्मामीटर, एकोणतीस डॉलर.
मार्चची बिअर बरोब्बर एकशे बावन्नवर काढली.
ऑर्विलने ग्लास दिव्यासमोर धरला, प्यायला,
"स्वच्छ आहे," म्हणाला,
आणि दुसरा मागितला नाही.

पातळ होती. कोरडी. बिनचूक.
जुनी जिभेवर रेंगाळायची, जडशी, गोडसर,
ऑर्विल तिला दुपारचं जेवण म्हणायचा.

मग नव्याच्या तबकडीवर
एकशे अठ्ठावन्नच्या रेघेशी
नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.
जुना फेकवला नाही. खिळ्याला टांगलाय,
तळघर किती गार ते सांगतो,
मी मनात सहा मिळवते.

डब्यात तीनशे एक्क्याऐंशी उरलेत.
केगचं नंतर बघू. आधी बसच्या मागच्या बाकावरची
दोन दांडगी पोरं गाठायला हवीत.
फ्रिज कशाला, ते त्यांना सांगायचं नाही.